वायर न लावता

दुकानाच्या काचेमागे टांगलेल्या गिटारच्या खालच्या कडेला एक टवका उडालेला होता, आणि तो टवका तिच्या ओळखीचा होता. जेवणाची सुट्टी संपत आली होती, ती रोजच्याच रस्त्याने रोजच्याच चालीने दवाखान्याकडे परत निघाली होती, आणि पाय थांबले. आधी वाटलं, कुणी हाक मारली. वळून पाहिलं तर हाक मारण्यासारखं कुणी नव्हतं. एक बाई कुत्र्याला ओढत होती, एक माणूस फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. तिने पुन्हा काचेकडे पाहिलं. इलेक्ट्रिक गिटार, कडेला काळपट आणि मध्ये मधाच्या रंगाची. टवका तिरका, तीनकोनी, त्यातून आतलं फिकट लाकूड दिसत होतं, आणि त्याच्या खालच्या टोकापासून एक बारीक ओरखडा निघून वर वळला होता, मांजराच्या शेपटीसारखा. तिने नजर हळूहळू वर नेली, पार खुंट्यांपर्यंत. तिथे काय असणार हे तिला माहीत होतं, आणि ते नसलं तर बरं असंही वाटत होतं. ते होतं. दोन खुंट्यांच्या मध्ये मसुरीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग. बाबा घरी नसले की दादा पेटती सिगारेट तारेच्या टोकाला खोचून वाजवत बसायचा, आणि एकदा वाजवण्याच्या नादात ती तिथेच जळत गेली होती. बाबांना दिसू नये म्हणून तिने त्या डागावर टूथपेस्ट घासली होती. डाग गेला नाही, पण गिटारला आठवडाभर पुदिन्याचा वास येत होता.

आणि टवका आईच्या शिलाई मशीनचा. खोली अरुंद; एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला मशीन, मधली जागा एका माणसाने उभं राहण्यापुरती. दादा तिथे उभा राहून वाजवायचा आणि ती पलंगावर मांडी घालून श्रोते व्हायची. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या की तो वाकून नमस्कार करायचा. एकदा नमस्कार करून तो झटक्यात वळला आणि मशीनचा लोखंडी कोपरा टक्क्‌कन लागला. त्याने आधी गिटारकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. मग खाली बसला, टवक्यावरून अंगठा फिरवला, आणि तिला म्हणाला, "रडू नकोस, तुझ्यामुळे नाही झालं." ती रडत नव्हती. पण त्याने तसं म्हटल्यावर तिला खरंच रडू आलं. काचेसमोर उभ्याउभ्या आत्ताही तिला तसंच रडू यायला लागलं, आणि स्वतःचंच हसूही आलं. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला डब्याची पिशवी, आणि दुकानाच्या काचेसमोर रडायला आलेली. ती आत गेली.

दुकानदार केसांची शेपटी बांधलेला, पोट सुटलेला, बोलायला मऊ माणूस होता. "काचेतली ती गिटार," ती म्हणाली, "ती तुमच्याकडे कुठून आली?" "कंपनीकडून," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात खोकं उघडलं." तिला वाटलं, त्याला कळलं नाही. "जुनी आहे ना ती? तो टवका उडालेली." दुकानदार हसला. "नाही हो. कोरी करकरीत आहे. जुन्यासारखी केलेली. टवकाही कंपनीनेच पाडलाय, मूळ गिटारवर जिथे आहे अगदी तिथेच. आमचे एक मास्तर आहेत, फार मोठे वाजवणारे, त्यांची चाळीसेक वर्षांपूर्वीची गिटार आहे. कंपनीने ती महिनाभर ठेवून घेतली, मापं घेतली, फोटो काढले, आणि तिच्यासारख्या थोड्या बनवल्या. ओरखडा न् ओरखडा तसाच." तो कौतुकाने बोलत होता. तिने काउंटरची कड धरली. ओरखडा न् ओरखडा. म्हणजे कुठल्याशा कारखान्यात एक माणूस हातात हत्यार घेऊन बसला असेल, समोर फोटो ठेवून, आणि त्याने आईच्या मशीनचा कोपरा पुन्हापुन्हा मारला असेल, एकीवर, दुसरीवर, तिसरीवर. कुठल्या कुठल्या शहरांत, कुणाकुणाच्या घरांत आता ती अरुंद खोली टांगलेली असेल, आणि त्यांना ठाऊकही नसेल की हा नमस्कार करून वळताना लागलेला मार आहे. "वाजवता का आपण?" दुकानदाराने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "मी पुसायचे."

दुपारी तिच्याकडे नेहमीसारखेच पेशंट होते. तिचं काम कान तपासण्याचं. पेशंटला काचेच्या बंद केबिनमध्ये बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बाहेर यंत्रापाशी बसून एकेक आवाज सोडायचा, उंच, खालचा, मोठा, बारीक, अगदी बारीक. आवाज ऐकू आला की पेशंटने हात वर करायचा. इतक्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. आवाज थांबल्यावरही माणसं हात वर करतात. खोटं बोलतात म्हणून नव्हे. वाट बघण्याने कान इतका ताणला जातो, की न झालेला आवाज त्यांना खरोखर ऐकू येतो. त्या दुपारी एक म्हातारे गृहस्थ आत बसले होते, डोळे मिटून, आणि ती बटणावर बोट ठेवून दादाचा चेहरा आठवत बसली होती. भानावर आली तेव्हा ते काचेपलीकडे शांतपणे हात वर करत होते, खाली घेत होते, पुन्हा वर करत होते. तिने एकही आवाज सोडलेला नव्हता.

दादा गेला तो एका हॉटेलातल्या बँडमध्ये काम मिळालं म्हणून. बाबांशी भांडून गेला असं लोक समजतात, आणि तसं असतं तर एका परीने बरं झालं असतं, निदान हाताशी कारण तरी राहिलं असतं. बाबांना गिटारची चीड होती हे खरं. ते तिला 'ते लाकूड' म्हणायचे, आणि 'ते लाकूड बंद कर' एवढंच त्यांचं संगीतावरचं मत होतं. पण जायच्या दिवशी त्यांनीच पेटीला दोरी बांधून दिली. दादा म्हणाला, पोचलो की फोन करतो, आणि पोचल्यावर शेजारच्यांकडे त्याने फोन केलाही. मग काही महिन्यांनी एकदा केला. मग नाही. बाबा त्या शहरात जाऊन आले. हॉटेल होतं, बँड बदललेला होता, जुना बँड कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. चौकीत झालं, ओळखीपाळखीत झालं, पेपरात झालं. घरात त्याचं नाव निघणं हळूहळू बंद झालं. कुणी ठरवून नाही. जिन्यातला दिवा गेला की काही दिवसांनी अंधारातच पायऱ्या उतरायची सवय होते, तसं. बाबा गेले तेव्हाही कुणी म्हणालं नाही की आता मुलगा हवा होता. मेला म्हणायचं तर कशावरून, आणि आहे म्हणायचं तर कुठे. तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत आईकडे येऊन राहिली. आता दोघी होत्या, आणि दोघींच्या मध्ये एक रिकामी जागा होती, एका माणसाने उभं राहण्यापुरती.

संध्याकाळी आई म्हणाली, "आज उशीर केलास." "दुकानात गेले होते." "काय आणलंस?" "काही नाही." "मग दुकानात कशाला गेली होतीस, हवा खायला?" आईची जीभ अजून तिखट होती, फक्त कान गेले होते. कानातलं यंत्र लेकीनेच बसवून दिलेलं, पण आई ते सोयीने वापरायची. समोरच्याचं बोलणं आवडेनासं झालं की हळूच काढून डबीत ठेवायची आणि प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवायची. आता यंत्र कानात होतं. सांगायला हरकत नव्हती. ती आईच्या हातांकडे बघत राहिली, शेंगा सोलणाऱ्या, न बघता सोलणाऱ्या. सांगायचं तरी काय? की आपल्या खोलीतला टवका दुकानात विकायला ठेवलाय? "काय झालं?" आईने विचारलं. "काही नाही, पेशंट फार होते."

पुढचे काही दिवस ती तो रस्ता टाळून लांबून जात राहिली आणि एका दुपारी टाळायचं विसरून पुन्हा त्या दुकानात शिरली. आत एक चष्मेवाला गिऱ्हाईक दुकानदाराशी वाद घालत होता, आणि वाद नेमका त्या गिटारवरूनच चालला होता. चष्मेवाला म्हणत होता, "लाकूड वाळायला जन्म जावा लागतो. तुम्ही ते भट्टीत घालून दोन दिवसांत वाळवता. वाळतं ते, नाही म्हणत नाही. पण त्याने काही बघितलेलं नसतं." दुकानदार म्हणाला, "लाकूड काय बघतं हो? जुन्यात जीव असतो म्हणतात. मला विचाराल तर जुन्यात गंज असतो. खुंट्या सरकतात, सूर उतरतो, वायरी कुजतात. ही बघा, सगळं तेच, आणि सूर जागचा हलत नाही." "मग टवके कशाला पाडता? चांगली गुळगुळीत विका की." "लोकांना गुळगुळीत नको असतं," दुकानदार म्हणाला. "कुणाचा तरी हात फिरलेला हवा असतो." चष्मेवाल्याने मान हलवली आणि तो निघून गेला. तिने गिटार हातात मागितली. वजन बरोबर वाटलं, की वजनाची आठवणच तिच्या हातात उरली नव्हती, कुणास ठाऊक. तिने टवक्यात अंगठा घातला. कडा धारदार होत्या. मग तिला नवीन काहीतरी दिसलं. जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथला रंग पार उडून तळव्याएवढं लाकूड उघडं पडलं होतं. दादाच्या वेळी तिथे नुसती झाक उतरली होती. आणि पाठीवर ओरखड्यांचं जाळं, गोल गोल, शेकड्याने. हे तिच्या ओळखीचं नव्हतं. हे नंतरचं होतं. इतकी वर्षं तिच्या मनात 'नंतर' असं काही नव्हतंच. दादा पेटी घेऊन जिना उतरला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर जग संपलं, असंच ती धरून चालली होती. आणि इथे कुणीतरी जिन्यानंतरची झीज, एकेक रेघ मोजूनमापून, तिच्या मांडीवर ठेवली होती. "मला त्या मास्तरांना भेटायचंय," ती म्हणाली. दुकानदाराने जरा विचार केला. "माणूस सरळ आहे," तो म्हणाला, "पण गिटारचा विषय काढला की जरा बिचकतो. मी फोन करून ठेवतो."

मास्तर चौथ्या मजल्यावर राहत होते आणि लिफ्ट बंद होती. रविवारची सकाळ, जिन्यात कुणाच्या तरी घरच्या रेडिओवर बातम्या चाललेल्या. दार त्यांनीच उघडलं. उंच, वाकलेले, बोटांची पेरं सुजलेली. ती बोलायला लागली की डावा कान पुढे करत होते. तिने मनातल्या मनात टिपलं आणि मग स्वतःवरच चिडली, की आज तरी हे नको. खोलीत दोन पेट्या होत्या. त्यांनी जुनी पेटी जमिनीवर ठेवून उघडली आणि तिच्या नाकात एक वास गेला, लाकडाचा, घामाचा, जुन्या कापडाचा. पुदिन्याचा अर्थातच नाही. टवका आतून काळा पडला होता, कडा बोथट, गोल, दगडाच्या पायरीसारख्या. तिने अंगठा घातला तर तो आपोआप आत बसला. घरून निघताना तिने चांगली दोनचार वाक्यं जुळवून ठेवली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ही माझ्या भावाची आहे." मास्तरांचा हात लगेच पेटीच्या झाकणावर गेला. "आम्ही अदलाबदल केली होती," ते म्हणाले. "राजीखुशीने. त्याने ही दिली, मी माझी नवी दिली. हवं तर बँडमधल्या दुसऱ्यांना विचारा." "मी न्यायला नाही आले," ती म्हणाली. "तो कुठे आहे, एवढंच विचारायला आले." मास्तरांनी झाकणावरचा हात काढला. तिच्याकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे, चष्म्याकडे. "तुम्ही पाहुण्याच्या कोण?" "पाहुणा?" "आम्ही त्याला पाहुणाच म्हणायचो. कुठेही राहिला तरी बॅगेतले कपडे कधी कपाटात लावायचा नाही. तुम्ही त्याच्या कोण?" "बहीण." मास्तरांनी पुन्हा तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो म्हणाला होता, लहान आहे."

तिला नीट ऐकू आलं होतं, तरी तिने विचारलं, "कधी म्हणाला होता?" "एकदाच," मास्तर म्हणाले. "डोंगरातलं एक हॉटेल होतं, तिथे आम्ही कितीतरी वर्षं वाजवत होतो. तेव्हा त्याचे केसही गेले होते सगळे. जेवायला बसलो होतो, आमच्या ड्रमवाल्याने विचारलं की मुलीला काय न्यावं. तर हा म्हणाला, माझ्या बहिणीला रंगीत खडू आवडतात, लहान आहे ती. आम्ही हसलो. म्हटलं, अरे, तू पन्नाशीला आलास, तुझी बहीण लहान म्हणजे केवढी? आम्ही हसलो, तो नाही हसला." तिने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. म्हणजे तो त्या डोंगरात टक्कल पडलेला असा बसला होता, आणि त्याच्या मनातल्या पलंगावर ती मांडी घालून टाळ्या वाजवत होती, वाढत नव्हती, शाळा संपवत नव्हती, लग्न करत नव्हती, मोडत नव्हती. आणि इथे हीसुद्धा कुणाला सांभाळत बसली होती? एका पोराला, ज्याच्या कपाळावर केस यायचे. दोघंही एकमेकांशिवाय म्हातारी झाली होती आणि दोघांनीही एकमेकांना होऊ दिलं नव्हतं. "आता कुठे आहे तो?" तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं, कारण मास्तरांनी आपला चांगला कान तिच्याकडून वळवला होता. "छाती खराब झाली होती," ते म्हणाले. "सिगारेटी. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेला. आम्ही सगळे होतो. सगळं नीट केलं. कुणाला कळवायचं ते विचारलं होतं मी, आजारी असताना. म्हणाला, राहू दे, आता फार उशीर झाला. उगाच घाबरतील."

उगाच घाबरतील. तिला राग आला पाहिजे होता. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती रोज त्याच रस्त्याने दवाखान्यात जात होती, केबिनमध्ये लोकांना बसवत होती, हात वर करा म्हणत होती. त्या दिवसांत काही झालं होतं का, एखादी चाहूल, एखादं भांडं पडणं? काही नाही. एक फोन आला असता. घाबरलो असतो, मग काय झालं असतं? पण राग कुठे ठेवायचा तेच कळेना. तिने विचारलं, "ही का दिली त्याने तुम्हाला?" "मला कधी नीट कळलं नाही," मास्तर म्हणाले. "एवढी चांगली गिटार. मी तर आधीपासून डोळा ठेवून होतो, खोटं कशाला बोलू. पण तो म्हणाला, हिच्यात फार आवाज आहेत. म्हटलं, म्हणजे काय, खरखर येते का? म्हणाला, नाही, वायर लावली की ठीक असते. खोलीवर एकटा बसून नुसती छेडली की त्रास होतो. नवी दे, म्हणाला, तिच्यात अजून काही नाही." ते थोडं थांबले. "तुम्हाला वाजवून दाखवू? कंपनीने मलाही एक दिलीय, नवी. हल्ली बाहेर तीच नेतो. बोटं चालत नाहीत, जुनी न्यायची भीती वाटते. पण आवाज जुनीचाच. ऐका तुम्ही, लगेच कळेल."

त्यांनी आवाज मोठा करणारा कोपऱ्यातला ॲम्प लावला, जुनी गिटार वायरने जोडली, वाजवली. मग नवी जोडली, तोच तुकडा पुन्हा वाजवला. सुजलेल्या बोटांतूनही सूर सुरेख येत होते. "कळला फरक? जुनीचा आवाज गोल आहे. नवीचा वरचा सूर बघा कसा टोचतो." नवीचा वरचा सूर त्यांना ऐकू येत नव्हता, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, इतकी वर्षं काचेपलीकडे बसून तिने तेच तर पाहिलं होतं. ते वाट बघत होते आणि वाट बघण्याच्या जागी त्यांना तो सूर ऐकू येत होता. पण तिलाही दोन्हींत फरक कळत नव्हता, निराळ्या कारणाने. हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. दादा ॲम्प लावून कुठल्याशा हॉलमध्ये वाजवायचा, तिथे तिला कोण नेणार? घरात ॲम्प नव्हता, आणि असता तरी बाबांनी लावू दिला नसता. घरात होतं ते नुसतं लाकूड आणि तारा. "वायर काढून वाजवाल?" ती म्हणाली. मास्तरांनी भुवया उंचावल्या, पण वायर काढली. आधी जुनी. भरलेला, कोरडा, शांत आवाज, एखाद्या वयस्क माणसाने हळू बोलावं तसा. सुंदर होता. तिला काहीच झालं नाही. मग त्यांनी नवी घेतली आणि पहिल्याच आघाताला तिचं अंग जिथल्या तिथे थिजलं. बारीक, पत्र्यासारखा, थोडा उतावीळ आवाज. दुपार, बंद दार, दाराबाहेर जमिनीवर तिची वही, गणितं, आणि भिंतीतून येणारी ती चिरचिर. बाबांना वाटायचं हे संगीत आहे, पण हे संगीताच्या आधीचं काहीतरी होतं, कुणीतरी घरात आहे याची खूण. पाणी प्यायला उठलं तरी ती चालू असायची. झोपेतून जाग आली तरी. ती चिरचिर गेल्यानंतर घरात जी शांतता झाली होती तिचा नेमका आकार आज तिला कळत होता, कारण तो आकार भरला होता. "हीच," ती म्हणाली. मास्तर थांबले. खट्टू झाले. "ही नवी आहे," ते म्हणाले. "हो," ती म्हणाली, "तेव्हा तीसुद्धा नवीच होती."

मास्तर दोन्ही गिटारींकडे आलटून पालटून बघत होते, जणू त्यांनाच कुणी नवीन कोडं घातलं होतं. तिने जुनीच्या उघड्या लाकडावर हात ठेवला. "ही झीज कुणाची?" "ही माझी," मास्तर म्हणाले, थोड्या अपराधी सुरात, "मी हात दाबून वाजवतो. पण पाठीवरचं सगळं त्याचं. एक भलंमोठं बक्कल लावायचा पट्ट्याला, बैलाच्या तोंडाचं. आम्ही त्यावरून काय काय बोलायचो." तिने गिटार पालथी केली. गोल गोल ओरखड्यांचं ते जाळं. या प्रत्येक ओरखड्याला तो जिवंत होता, श्वास घेत होता, पोटाशी ही धरून कुठल्यातरी दिव्याखाली उभा होता. बैलाच्या तोंडाचं बक्कल! तिला तो माणूस डोळ्यांपुढे आणता येईना. कितीही ताणलं तरी तिथे तोच पोरगा यायचा, आणि बक्कल त्याच्या कमरेवर बसत नव्हतं. "न्या तुम्ही," मास्तर एकदम म्हणाले. ते मनापासून म्हणत होते आणि तिने हो म्हणू नये असंही त्यांना मनापासून वाटत होतं. "तुमचीच आहे." "नको," ती म्हणाली. "माझ्या घरी ही कोण वाजवणार? तिला तुमच्या हाताची सवय आहे." मास्तरांनी डोळे पुसले, न लपवता. मग आत जाऊन त्यांनी एक फोटो आणला. हॉटेलचा मांडव, मागे दिव्यांच्या माळा, आणि पुढे एक टकला, स्थूल, चष्मा लावलेला माणूस, हातात कोरी चकचकीत गिटार, हसताना एक भुवई जरा वर. तिने फोटो घेतला आणि क्षणभर तिला वाटलं, मास्तरांची काहीतरी गफलत झाली.

ती घरी पोचली तेव्हा ऊन आतपर्यंत आलं होतं आणि आई खुर्चीत बसून उन्हात पाय शेकत होती. यंत्र कानात नव्हतं. तिने काही न बोलता फोटो आईच्या हातात दिला. आईने तो लांब धरला, जवळ आणला, उन्हात वळवला. मग तिच्या चेहऱ्यावर एक अगदी जुनं, नवऱ्यावर रुसणाऱ्या बाईचं आश्चर्य आलं. "ह्यांनी गिटार कधी हातात घेतली?" आई म्हणाली. ती आईच्या पायांशी खाली बसली. "आई," ती मोठ्याने, ओठ नीट हलवत म्हणाली, "हे बाबा नाहीत." आईने तिच्या ओठांकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं. फोटोतल्या टकलावर तिने अंगठा आडवा ठेवला आणि खालचा चेहरा तेवढा बघत राहिली, ती भुवई, ते डोळे. कितीतरी वेळ. मग फोटो मांडीवर उपडा ठेवला, बाजूची डबी उघडली, यंत्र काढलं, कानात घातलं, आणि म्हणाली, "आता बोल."

तिने सांगितलं. काही गाळलं नाही. दुकान, मास्तर, डोंगरातलं हॉटेल, छाती, मागच्याच्या मागचा हिवाळा. आई रडली नाही, मध्येच फक्त म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या नंतर." "हो, बाबांच्या नंतर." "बरं झालं," आई म्हणाली. "त्यांना झेपलं नसतं." मग आईने विचारायला सुरुवात केली. जेवायचं कोण बघायचं? लग्न केलं होतं का? टक्कल कधी पडलं? थंडीच्या गावात राहायचा, तर अंगात घालायला काही होतं का धड? जे मास्तरांनी सांगितलं होतं ते ती सांगत होती, जे माहीत नव्हतं त्याला माहीत नाही म्हणत होती, आणि प्रत्येक 'माहीत नाही'ला आई मान हलवत होती, जणू हे उत्तरही कुठेतरी ठेवून द्यायचं आहे. शेवटी आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळत, तिच्याकडे न बघता विचारलं, "माझं नाव काढायचा?"

खडू आठवले. बहीण आठवली. आईबद्दल मास्तर एक अक्षर बोलले नव्हते. "काढायचा ना," ती म्हणाली. "खूप आठवण काढायचा तुझी." आईने वर पाहिलं. नजर अजून तशीच होती, लहानपणी खोटं पकडणारी. "उगाच काहीतरी सांगू नकोस," आई म्हणाली. ऊन लेकीच्या हातावर आलं होतं. तिने डोळे मिटले आणि कान लावला, जिथे काही नव्हतं तिथे, आणि थांबली. मग डोळे उघडून म्हणाली, "मास्तरांना एकदा म्हणाला होता, घरी फोन करायचा म्हटलं तर आई आधी ओरडणार, मग रडणार, मग जेवलास का विचारणार, आणि तेवढ्यात मला काय सांगायचं होतं तेच मी विसरून जाणार."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांची एक कड हलली, चेहरा हळूहळू सैल होत गेला, डोळे भरले, आणि ती हसली, मोठ्याने, दात नसलेल्या तोंडाने, भरभरून.

"हे मात्र त्याचंच बोलणं," आई म्हणाली. "शब्द न् शब्द त्याचा. कार्टं मेलं." तिने फोटो पुन्हा सुलटा करून उन्हात धरला. "अजून काय म्हणायचा?"